बिनमेणाचा तंबू

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. निर्णय कागदावर उतरवले की माणूस डगमगत नाही.

निर्णय पहिला: रोज लिहिणे.

निर्णय दुसरा: मागची खोली रिकामी करणे. पुढे माझं पडद्यांचं दुकान आणि मागे वडिलांची, अप्पांची, तंबू-ताडपत्र्या शिवायची खोली, हे असं किती दिवस चालवायचं? अप्पा जाऊन वर्ष होत आलं. त्यांचं ते मोठं मशीन चादर पांघरून कोपऱ्यात बसलंय. गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, आत कोणी आहे का? मी सांगतो, कोणी नाही. मग म्हणतं, मेणाचा वास येतोय. येणारच. जन्मभर एका माणसाने तिथे बसून शिवणींना मेण चोळलंय, वास भिंतींत मुरलाय. रंग दिला की जाईल.

तिथे रेडिमेड पडद्यांची शोरूम. आरसे, एसी, छान संगीत. मशीन उचलायला एक जुन्या मशीनवाला सतरा तारखेला यायला तयार आहे. फक्त आईचा होकार हवा. खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये असते, एवढीच तांत्रिक अडचण.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

आईला विचारलं. आई म्हणाली, बघू. आईच्या 'बघू'ला मी लहानपणापासून ओळखतो. सायकलसुद्धा त्या 'बघू'त गेली.

म्हणून पैज लावली. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत अप्पा आम्हाला नदीकाठी न्यायचे, स्वतः शिवलेल्या तंबूत ठेवायचे आणि दरवर्षी तेच ऐकवायचे, की शिवणीला मेण नसेल तर तंबू आणि चाळणी यांत फरक नाही. मी म्हटलं, यंदा मी नेतो. तंबू मी शिवतो. माझं आधुनिक कापड, मेण अजिबात नाही. गळला म्हणून परत यावं लागलं तर मागची खोली जशीच्या तशी राहील. नाही गळला तर खोली माझी.

आई म्हणाली, चालेल. इतक्या पटकन म्हणेल असं वाटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर, बुधवार.

तंबू तयार. कापड हॉटेलच्या ऑर्डरमधलं उरलेलं: मरून रंग, सोनेरी वेली, मागून रबराचा थर. उन्हाचा किरण आत येत नाही, तिथे पाण्याची काय बिशाद. दाराला चेन लावली नाही. सरकता पडदा दिला, रेलवर, पितळी कड्यांसकट. तंबूच्या इतिहासात हे प्रथमच होत असावं.

बायको म्हणाली, नाटक कधी सुरू होणार. तिला सौंदर्यदृष्टी कमी.

दुकानातल्या मशीनच्या दोन सुया तुटल्या. बायको म्हणाली, मागचं मोठं मशीन आहे ना. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवण एकेरीच घातली. आईने येऊन शिवणीवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता गेली. म्हणजे पसंत.

मुलीला, चिंगीला, शाळेने 'माझी सुट्टी' असा व्हिडिओ करायला सांगितलाय. मी म्हटलं, आपल्या तंबूचाच कर. मी तंबूत बसून माहिती देत जाईन, तू घेत जा. तुझा प्रोजेक्ट होईल, माझी जाहिरात. एका दगडात. ती म्हणाली, तुम्ही किती वेळ बोलणार? मी म्हटलं, विषय संपेपर्यंत. ती चार्जर शोधायला गेली.

हवामान: किंचित ढगाळ. किंचित म्हणजे काहीच नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपार.

पोचलो. नदी होती तिथेच आहे. वरच्या सपाटीवर अप्पांची जागा, मोठ्या झाडाखाली. दोर बांधून बांधून खोडाला वळ पडलेत. मी मुद्दाम खाली, पाण्याजवळ तंबू लावला. व्ह्यू. आई म्हणाली, ते वर लावायचे. मी म्हटलं, ते लावायचे.

जागेचा राखणदार येऊन तंबूभोवती एक चक्कर मारून गेला. जाताना त्याने विचारलं, खेळ किती वाजता. आईसकट सगळे हसले.

सामान काढताना कळलं, आईने परस्पर तीन वस्तू गाडीत टाकल्यात. अप्पांचा जुना रेनकोट, अप्पांचे गमबूट आणि अप्पांची घडीची खुर्ची. मी नवं जॅकेट आणि नवे बूट घेतलेत, हे तिला सांगून झालं होतं. ती म्हणाली, असू देत. खुर्ची तिने नदीकडे तोंड करून मांडली. मी वर पिशवी ठेवली. तिने उचलून खाली ठेवली. पुन्हा ठेवली नाही. खुर्ची तशी रिकामी बघवत नाही हे खरं, पण तो वेगळा मुद्दा आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

हलका शिडकावा. थोडा जास्त हलका. जॅकेट भिजलं. दुकानदार म्हणाला होता, ते श्वास घेतं. पाणीही घेतं, हे म्हणाला नव्हता. बुटांचंही तेच झालं. निरुपायाने अप्पांचा रेनकोट घातला, गमबूट घातले. मापाचे निघाले. अप्पांचा पाय माझ्याएवढा होता हे माहीत नव्हतं. रेनकोटच्या उजव्या खिशात काहीतरी गोटा आहे, साबणाची जुनी वडी असणार. काढून टाकायची आहे. तूर्त हाताला चाळा म्हणून बरा.

तंबू: बायकोच्या बाजूच्या शिवणीतून दोन-तीन थेंब. अपेक्षितच. धागा भिजला की फुगतो, फुगला की सुईची भोकं आपोआप बंद होतात. विज्ञान आहे. तोवर घरच्या कर्त्या माणसाने गळतीखाली बसायचं असतं, म्हणून स्टूल तिथे ओढून मी बसलो आणि पहिलं भाषण केलं: 'आधुनिक कापड आणि मेणाची अंधश्रद्धा'. चिंगीने शूट केलं. तिघी अगदी एकाग्र होत्या. नजरा मात्र माझ्या तोंडाकडे नव्हत्या, जरा वर होत्या. विचार करताना माणसांच्या होतात तशा.

मध्येच चिंगी म्हणाली, आजोबांनी 'च्च' केलं. अप्पा वाकडी शिवण दिसली की 'च्च' करायचे. मला काही ऐकू आलं नाही, मी बोलत होतो. बायकोला खोकला आला आणि ती बराच वेळ तोंडावर रुमाल धरून बसली. हवा दमट आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.

बायकोच्या बाजूची शिवण ठणठणीत कोरडी. बाहेर पाऊस तसाच. विज्ञान जिंकलं. तिघींना उठवून दाखवलं. तंबूत काळोख इतका, की सकाळ झाली हे आधी पटवून द्यावं लागलं. हा कापडाचा गुण आहे.

एक किरकोळ गोष्ट. आत मेणाचा वास येतोय.

कारण उघड आहे: रेनकोट. तो बाहेर दोरीवर टांगला. वास आतच राहिला.

बाहेर धुकं. नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. दोरीवरचा रेनकोट धुक्यात एखादा माणूस पाठमोरा उभा असावा तसा दिसतो. खांदे जरासे पुढे आलेले. आई चहाचा कप घेऊन बाहेर आली, त्याच्यापाशी थांबली, आणि त्याची कॉलर नीट केली. मग कप माझ्या हातात देऊन आत गेली. चहा दोन चमच्यांचा होता. मी साखर घेत नाही. अप्पा घ्यायचे.

प्यालो. टाकायचा कशाला.

त्याच दिवशी, दुपार.

पाऊस. वारा. रेलवरचा पडदा वाऱ्याबरोबर पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो, पितळी कड्यांचा खळ्ळ असा आवाज होतो आणि दरवेळी आम्ही सगळे दाराकडे बघतो. कोणीही आलेलं नसतं. डिझाइनमध्ये सुधारणेला वाव आहे.

जेवण: सूप, पाव, उकडलेली अंडी. अंधारात चिंगीने माझ्या बशीतलं अंडं खाल्लं असा माझा संशय आहे.

कापडावर पावसाचा आवाज मोठ्या मशीनसारखा येतो. एकसुरी, दमदार, मध्येच किंचित थांबणारा. आई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, लांब शिवण चालू आहे. मी म्हटलं, आई, पाऊस आहे. ती म्हणाली, मी कुठे नाही म्हणतेय.

रेनकोट पुन्हा अंगात घालून बाहेर जाऊन पाहणी केली. तंबूभोवती चिखलात बुटांचे ठसे आहेत. डाव्या टाचेला ठिगळ असलेले. गमबुटांना ते ठिगळ अप्पांनी स्वतः लावलं होतं. बूट कालपासून माझ्या पायात आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण ठसे पार आईच्या बाजूपर्यंत जातात, शिवणीच्या अगदी खाली, आणि मी त्या बाजूला गेलोच नव्हतो. बायको म्हणाली, काल पाऊस जरा उघडला तेव्हा बोलत बोलत तूच फिरत होतास. मी म्हटलं, मी विचार करत होतो, फिरत नव्हतो. ती म्हणाली, बरं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'बरं' या शब्दाचा अर्थ कळायला हवा होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

आईच्या डोक्यावरची शिवण गळायला लागली. स्टूल तिकडे नेलं. दुसरं भाषण: 'भीती आणि तिची शास्त्रीय कारणं'. आवाज जरा मोठा ठेवला, पावसामुळे.

चिंगी म्हणाली, ठोकलं. मी विचारलं, कोणी? ती म्हणाली, कापडावर. टक टक टक. शिवण पुरी झाली की अप्पा बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचे. मग पुढची.

मी गप्प बसून कान दिला. काही नाही. नुसता पाऊस. मग पुन्हा बोलायला लागलो, तर चिंगी म्हणाली, पुन्हा ठोकलं.

नोंद: हा प्रकार फक्त मी बोलत असताना होतो. म्हणजे रोख माझ्यावर आहे.

आईकडे पाहिलं. ती वर शिवणीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा फार निवांत होता. वर्षभरात असा पाहिला नव्हता.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.

आईची शिवणही कोरडी.

हात लावून पाहिला. तुळतुळीत. वास तोच. माझ्या अंगठ्यालासुद्धा चिकट काहीतरी लागलंय, साबणाने जात नाही. सुपाच्या भांड्याचं असेल. हे पेनही बिघडलंय. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे हात टेकतो, तिथे उमटतच नाही.

शांतपणे विचार केला. समजा, नुसतं समजा, अप्पा येतायत. तर ते मला मदत का करतील? तंबू कोरडा राहिला की मी पैज जिंकणार, खोली जाणार, मशीन जाणार. त्यांना हे माहीत असणारच, त्यांच्यापासून घरात काही लपत नसे. आणि मेणाच्या बाबतीत अप्पा अजिबात उदार नव्हते. मी पडद्यांचं दुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला आले, सगळे पडदे उलटे करून शिवणी पाहिल्या आणि घरी गेले.

मग वाटलं, त्यांना जमत नसेल. समोर शिवण गळतेय आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, हे त्या माणसाला जमणार नाही. त्यापायी स्वतःची खोली गेली तरी.

हे एकदा पटल्यावर नाश्ता गेला नाही. बायकोने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हटलं.

त्याच दिवशी, दुपार.

पुरे झालं. पुरावा गोळा करणार.

आता एकच शिवण गळते आहे, मधली, सगळ्यात लांब. तिच्यावर शिंप्याच्या खडूने टोकापासून टोकापर्यंत रेघ मारली. खडू पुसला गेला तर कोणाचा तरी हात लागला हे सिद्ध. तिघींना बजावलं की शिवणीला कोणीही हात लावायचा नाही. तिघींनी कबूल केलं. चिंगीने विचारलं, तुम्ही पण? मी म्हटलं, मी पहारेकरी आहे.

स्टूलचा पाय मोडला. खुर्ची पावसात नको म्हणून आईने आत आणली होती. दुसरं काहीच नाही म्हणून तीत बसलो.

खुर्ची आरामशीर आहे. तीत बसल्यावर मधली शिवण बरोबर हाताच्या टप्प्यात येते.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

सगळं नीट लिहितो.

पाऊस आत्तापर्यंतचा सर्वात मोठा. कंदील मधोमध. आई, बायको आणि चिंगी समोर ओळीने. सगळ्यांचे हात मला दिसतील असे बसवले होते. आईच्या मांडीवर दोन. बायकोच्या कपाभोवती दोन. चिंगीच्या फोनवर दोन. नजर हलवली नाही. गप्प बसलं की भीती वाटते, म्हणून बोलत राहिलो. कशावर, नीट आठवत नाही. बहुतेक अप्पांवर. ते मला शाळेतून आल्यावर मागच्या खोलीत बसवायचे, ते शिवायचे आणि मी मेण चोळायचं, बोटं दुखायची, मी कंटाळायचो आणि ते म्हणायचे, तू बोल, हात चालू दे. बोलत राहिलं की हाताला कंटाळा येत नाही.

एवढंच सांगितलं. कोणी हललं नाही. एकही हात जागचा उठला नाही, शपथेवर लिहितो.

बोलणं संपवून वर पाहिलं तर खडूची रेघ नव्हती. शिवण चकाकत होती. बोट लावलं, कोमट होती.

थेंब एकही नाही.

चिंगीने फोन खाली ठेवला. आई उठली आणि तिने कित्येक वर्षांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी विचारलं, तू पाहिलंस ना, कोण होतं? ती म्हणाली, पाहिलं. मग कंदील बारीक केला. झोप म्हणाली.

मला भीती वाटतेय. तीही साधी नाही. ते आलेत याची जेवढी वाटते, त्याहून जास्त उद्या ते निघून जातील याची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार. गाडीत, पेट्रोल भरताना.

पहाटेच राखणदार ओरडत आला की वरून पाणी येतंय, गाशा गुंडाळा. पडदा सरकवला तर नदी दाराशी. अक्षरशः. व्ह्यू मिळाला.

पाणी खालून शिरलं. तंबू गळलेला नाही, भरला आहे. फरक आहे आणि तो मी सगळ्यांना धावता धावता समजावून सांगितला.

खुंटे उपटले, दोर तोडले, मरून कापडाचा तो ओला डोंगर चौघांनी ओढत वर नेला, अप्पांच्या झाडापर्यंत. तिथे जमीन कोरडी होती म्हणजे तुलनेने. मोजणी केली, सगळे होते. खुर्ची नव्हती. ती खाली तशीच राहिली होती, नदीकडे तोंड करून, आणि पाणी तिच्या बैठकीपर्यंत आलं होतं.

मी का धावलो माहीत नाही. भंगाराची खुर्ची. गुडघाभर पाण्यात गेलो, गमबूट भरले, पाय उचलेना. खुर्ची हलली, फिरली, आणि निघाली. मी ओरडलो, अप्पा. खुर्ची म्हणायचं होतं.

ती वळणापर्यंत दिसत होती. सरळ जात होती.

बायको येऊन मला काठावर घेऊन गेली, दंडाला धरून, लहान मुलाला नेतात तशी. आई म्हणाली, जाऊ दे, ओली खुर्ची घरात कोण ठेवणार होतं. पण ती बराच वेळ त्या वळणाकडे बघत होती.

गाडीत बसल्यावर आईने पर्स उघडली आणि मागच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर धरली. म्हणाली, तंबू गळला म्हणून आपण परत आलो नाही. पैज तू जिंकलास. खोली तुझी.

जिंकलो. लिहून ठेवतो: जिंकलो. खूप आनंद झाला. समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, वायपर बदलायला हवेत. बायको म्हणाली, पाऊस कधीच थांबलाय.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दुपार.

घरी. शिंका. पाय गरम पाण्यात.

कामाला लागणे हाच उपाय. जाहिरातीसाठी चिंगीचे व्हिडिओ मागितले. ती म्हणाली, आत्ता नको, बाबा. मी म्हटलं, आत्ताच. तिने आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली. चिंगीने फोन माझ्या हातात दिला आणि तिघी स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांड्यांचा आवाज येईना. म्हणजे ऐकत उभ्या होत्या.

पहिला व्हिडिओ. मी स्टूलावर, अंगात अप्पांचा रेनकोट. आवाज उत्तम. मी सांगतोय की मेण हा इतिहास झाला. आणि माझा उजवा हात खिशात जातो.

खिशातून एक वडी काढतो. पिवळी, कडेने झिजून अंगठ्याच्या आकाराची झालेली. हात वर जातो. शिवणीवर वडी धरतो, घासतो, मग अंगठ्याने दाबून मेण भोकांत बसवतो. न बघता. मी कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय आणि हात आपला एकेक वीत पुढे सरकतोय. एके ठिकाणी शिवण वाकडी आहे. तिथे माझी मान जराशी तिरकी होते आणि मी, वाक्याच्या मधोमध, 'च्च' करतो. आणि वाक्य पुढे चालू.

दुसरा व्हिडिओ. शास्त्रीय कारणं. शिवण संपते. बोटाचं पेर तीनदा ठोकतं.

तिसरा व्हिडिओ. खुर्ची. सगळ्यांचे हात मी नजरेने मोजतोय, आई, बायको, चिंगी. माझे मोजले नाहीत. डोक्यावर माझा हात खडूची रेघ पुसत पुसत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातोय, आणि मी सांगतोय की अप्पा म्हणायचे, तू बोल, हात चालू दे.

मी तो हात ओळखतो. मी तो रोज शाळेतून आल्यावर पाहायचो. फोनमध्ये बोलत मी होतो आणि बसलेले अप्पा होते. तोच वाकलेला खांदा. तीच मान.

तिन्ही व्हिडिओ पुन्हा पाहिले. मग रडलो. अप्पा गेले तेव्हा हॉटेलची ऑर्डर होती, तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. आज वेळ होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

बायकोला विचारलं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं? म्हणाली, पहिल्याच भाषणापासून. मी म्हटलं, मग सांगायचं नाही? ती म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे, आणि तू सोंग करतोयस. नंतर कळलं की तुला खरंच माहीत नाही, तेव्हा मी सांगणार होते. आईंनी नको म्हटलं.

आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, सांगितलं असतं तर तुझा हात थांबला असता. मला एवढ्यात थांबवायचा नव्हता.

थोड्या वेळाने म्हणाली, वर्षाने भेटले होते.

मी विचारलं, मग किल्ली का दिलीस? म्हणाली, पैज म्हणजे पैज. गळला नाही ना.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळ.

जुन्या मशीनवाला टेम्पो घेऊन आला, सोबत दोन हमाल. मी किल्लीने खोली उघडली. वास आला. हमालाने विचारलं, आत कोणी आहे का.

मी मशीनवरची चादर काढून तिची घडी केली.

मग मशीनवाल्याला सांगितलं की आज नको. मशीन चालू स्थितीत विकलं तर बरं, म्हणून आधी तेलपाणी करतो, चालवून बघतो, आणि बघायला काहीतरी शिवावं लागेल, तर तो तंबूच पुन्हा शिवतो, दुहेरी शिवण, हे सगळं फक्त तपासणीपुरतं. तो म्हणाला, मग येऊ कधी? मी म्हटलं, बघू.

आई पुढच्या दुकानात होती. तिला ते ऐकू गेलं. पडद्यांच्या घड्या घालत राहिली.

शोरूमचा निर्णय कायम आहे. फक्त तारीख ठरलेली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

मशीन चालतंय. पहिल्या फेऱ्यात दोरा तुटला, दुसऱ्यात नाही. चिंगी शाळेतून आली आणि समोर येऊन बसली. तिला म्हटलं, नुसती बसू नकोस, हे धर, शिवणीला चोळ. तिने विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, तू बोल, हात चालू दे. ती शाळेतलं सांगत बसली. बरंच सांगण्यासारखं होतं.

एक अडचण आहे. वडी संपत आली, नखाएवढी उरलीय. आईला विचारलं, अप्पा कुठून आणायचे? आणायचे नाहीत, म्हणाली, इथेच बनवायचे, मेणात आणखी दोन-तीन गोष्टी घालून. कोणत्या, ते तिला ठाऊक नाही. मलाही नाही. मी लहानपणी ढवळायला असायचो, पण बोलत असायचो.

मेण आणलंय. भांडं शेगडीवर ठेवलंय. फळीवर अप्पांच्या बरण्या ओळीने आहेत, चिठ्ठी एकीवरही नाही. उद्या समोर उभा राहतो आणि चिंगीला काहीतरी सांगायला लागतो. हात कुठल्या बरणीकडे जातो ते तिने बघायचं आहे.